पंधराची मोटर

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती गेली, तिच्याबरोबर सांगायची एक जागाही गेली. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

पेणजवळ रामवाडीला माझं मोटरी भरायचं दुकान. जळलेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरायची, गिरणीत नाहीतर शेतावर बसवून द्यायची — जन्म त्यात गेला. शाळा चौथी. इंग्रजी आकडे वाचता येतात, अक्षरं नाहीत. त्यानं कुठं अडलं? आमच्यात मोटर नुसत्या आकड्यानंच ओळखतात. पाचाची, साडेसाताची, पंधराची. पुढं घोडे म्हणायची गरज कुणाला पडत नाही. मोटरीची ताकद घोड्यातच मोजायची — दुसऱ्या कशात मोजतात?

मोजतात. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, असं इथं लिहिणार होतो. सांगितलं होतं.

रोह्याच्या आतल्या बाजूला एका गावात माझा दोस्त धर्मा याची भाताची गिरणी. त्यानं जुनी मशीन काढून नवी आणली, मोटर वर बसवूनच आलेली. मोटरीच्या पट्टीवर पंधरा लिहिलेलं, पुढं दोन इंग्रजी अक्षरं. मी मेन स्विचपासून मोटरीपर्यंत ओढायची तार काढायला लागलो, तसा टेम्पोबरोबर आलेला चष्मेवाला म्हणाला, "मिस्तरी, हे किलोवॅट आहेत हां. घोड्यात वीस धरा. तार जाड लागेल."

मशीन बघायला अर्धा गाव जमलेला. मी त्याच्याकडं मान वळवली नाही. म्हणालो, "तू रांगत होतास तवापासून मोटरी भरतोय मी. तू आपली टेम्पोची दोरी सोड." लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं धर्मा हसला — माझ्या बाजूनं.

आणि मी पंधरा घोड्यांचीच तार ओढली. सोबत तीच आणली होती. जाड तार आणायला पेणला परतायचं म्हणजे सगळ्यांच्या समोर त्याचं मानायचं. ते मला जमणार होतं का?

मशीन चालली. पण भात जोरात पडायला लागलं की फ्यूज उडायचा. धर्मानं बोलावलं. तारेला हात लावला — चटका बसला. तेव्हा तरी मला कळलं नव्हतं? कळलं होतं. मी फ्यूजमध्ये दुहेरी तार पिळून बसवली. "आता नाय उडणार," म्हणालो. नाहीच उडाला.

सुगी झाल्यावर गिरणीवर गर्दी होती. भिंतीवरून तार गेलेली, तिच्या खालीच तुसाची पोती रचलेली. तार वितळली, तूस पेटलं. मशीनमध्ये भात ओतायचं काम धर्माच्या बायकोचं, अनसूयाचं. ती बाहेर पळाली. धर्मा मेन स्विच पाडायला आत गेला. अलिबागच्या दवाखान्यात नेला, पण राहिला नाही.

पंचनाम्याला आलेल्या साहेबानं मलाच विचारलं, कारण मोटरीतलं कळणारा तिथं मीच. अनसूया ओट्यावर बसलेली. काय बोलायचं ते मी ठरवून गेलो नव्हतो — हे खरं सांगतो, पण त्यानं काय फरक पडतो? तोंडातून आलं, "भात जास्त ओतलं. मशीनला झेपलं नाय."

साहेबानं तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "व्हय. वतलं असंल मी. घाई व्हती."

तिनं विचारलंही नाही. मिस्तरी भावजी बोलले म्हणजे खरंच असणार.

पुढं धाटावच्या कंपनीतला एक फिटर दुकानात आला. त्याची परीक्षा घेतोय असं दाखवून मी विचारलं — पंधरा किलोवॅट म्हणजे घोडे किती? तो म्हणाला, "काका, एक घोडा म्हणजे सातशे शेचाळीस वॅट. किलोवॅटच्या आकड्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवायचा. पंधरात पाच. वीस." मी म्हणालो, बरोबर. पास केलं त्याला.

अनसूयाची सासू मरेपर्यंत तिच्या हातचं जेवली नाही. गावात कुणी भाताचं पोतं उचललं की लोक तिच्याकडं बघून म्हणायचे, "बेतानं गो." मी वर्षातून एकदा जातो. ती चहा देते, अर्धाच कप. ताटात भात अर्धाच डाव. हंडाही अर्धाच भरून आणते, दोन खेपा करते. एकदा सून चिडली, तर हसत म्हणाली, "माझ्या हाताला माप नाय बाय. भावजींना इचार, त्यांना ठावं हाय."

सून माझ्याकडं बघत होती. मी अर्धा कप संपवला.

अनसूयाला वाचता येत नाही. तिची नात रोह्याला शाळेत जाते, ती वाचून दाखवील. तुम्हाला सांगितलं तेच लिहिलेला हा कागद मी स्वतः तिला नेऊन देणार आहे आणि वाचून होईपर्यंत ओट्यावर बसणार आहे. पुढचं तिचं.

भात मापातच होतं, वैनी. तार माझी बारीक होती.