वहीतला पोपटी रंग

सत्तर साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. आम्ही भिंगारला राहायचो. हे एका सरकारी कचेरीत कारकून, वय पस्तीस. आणि अंगानं असे की सदरा यांनी घातला काय न् दोरीवर वाळत घातला काय, सारखाच दिसायचा. मी पंचवीसची, सातवी पास, आणि आपल्याला सगळं कळतं अशा पक्क्या समजुतीत.

त्या उन्हाळ्यात हे तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागले आणि आणखी वाळले. डॉक्टरांनी लघवी तपासली तर मधुमेह निघाला. घोडेगावहून सासूबाई आल्या, त्यांना हे अजिबात पटलं नाही.

"शेटजीचा रोग तो. पोट सुटल्याला हुतो. ह्याच्या तर बरगड्या मोजून घ्या."

गंमत अशी, की डॉक्टरही त्याच पेचात होते. मला म्हणाले, "वहिनी, या दुखण्याच्या दोन जाती. एक बहुतेक लहान पोरांना होते, त्यांना रोज इंजेक्शन घ्यावंच लागतं. दुसरी मोठ्या वयात, बहुधा जाड माणसांना. त्यांचं गोळ्यांवर भागतं. यांचं वय दुसरीचं आणि अंग पहिलीचं. कोणती ते आज मला सांगता येत नाही. महिनाभर गोळ्या देऊन पाहू. तुम्ही रोज घरी लघवी तपासून रंग वहीत लिहा. उतार पडतो का, ते ती वहीच सांगेल."

इंजेक्शन म्हटल्यावर यांचा चेहरा उतरला. देवी टोचणारे गल्लीत आले की मागल्या दारानं पसार होणारा हा माणूस. तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं की यांची जात गोळ्यांचीच. डॉक्टरांना नाही कळलं, मला कळलं.

काम सोपं होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, केशरी अशी चढत जाते, आणि विटकरी झालं की फार. सासूबाईंनी हा उद्योग स्वयंपाकघराबाहेर मागच्या ओट्यावर हाकलला होता.

डॉक्टरांनी पाच रंग सांगितले होते. पण साड्यांच्या दुकानात अर्धा दिवस काढणारी बाई मी, मला पाच कसे पुरणार? वहीत मी शेवाळी, लिंबोणी, हळदी असं लिहू लागले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नळी पिवळी झाली की मी ती उन्हात धरायची, तिरकी करायची, मग कुठंतरी पोपटी झाक सापडायची. शोधली की सापडतेच.

"काय आलं गं?" हे दारातून विचारायचे.

"पोपटी."

की यांचा चेहरा असा खुलायचा! त्या चेहऱ्यासाठी एक दिवस तर मी चक्क मोरपंखी लिहिलं.

महिन्यानं डॉक्टरांनी वही वाचली. खूश झाले. मग यांना काट्यावर उभं केलं. वजन चार किलोनं घटलेलं. डॉक्टर वहीकडे बघत, काट्याकडे बघत बसले.

"साखर उतरतेय आणि माणूस झिजतोय. मग छातीत काही आहे का? फोटो काढावा लागेल."

त्या काळी छातीचा फोटो म्हणजे क्षय, एवढंच आम्हाला ठाऊक. मी सगळं सांगून टाकलं, मोरपंखीसकट. डॉक्टरांनी तिथंच नळी उकळली आणि माझ्यापुढे धरली.

"हा कोणता?"

"विटकरी."

"याला साडीतलं दुसरं नाव?"

"नाही."

"ठीक. गोळ्यांवर भागत नाही, एवढं कळलं. ही पोरांचीच जात, असं मी अजूनही छातीठोक सांगणार नाही. पण इंजेक्शन उद्यापासून."

परतताना टांग्यात मी मान खाली घालून बसले होते. हे हळूच म्हणाले, "मोरपंखीच्या दिवशी खरं काय होतं?"

"हळदी."

"वाटलंच. त्या दिवशी चार तांबे पाणी प्यालो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू फार खुशीत होतीस."

म्हणजे या घरात मी एकटीच येडी नव्हते.

इंजेक्शनच्या औषधाची बाटली गार राहावी म्हणून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली. आधी लिंबाला सुया टोचून हात बसवला, मग यांना टोचलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे, आणि सासूबाई तुळशीपाशी जाऊन उभ्या. "झालं का गं?" तिथूनच विचारत होत्या.

आठवड्यानं मी नळी उकळली आणि स्वतः न बघता यांच्या हातात दिली.

"तुम्हीच सांगा."

त्यांनी ती उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"हिरवा."

मी वाकून पाहिलं. "शेवाळी आहे हो."

"हिरवा," ते म्हणाले, आणि वही माझ्या हातून काढून घेऊन स्वतःच लिहिलं.