आम्ही गप्प बसलो ते अकरा दिवस

सांताक्रूझ विमानतळावर आईने मला बाजूला घेतलं तेव्हा वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. हळूच म्हणाली, "तिथल्या डॉक्टरांनी काही विचारलं तरी शकूचं बोलू नकोस. तुझ्या लग्नात बोललो नाही, आता कशाला?" शकू म्हणजे माझी धाकटी मावशी. ती टीबीने गेली, पण आमच्या पुण्याच्या घरात त्या रोगाला नाव नव्हतं. 'शकूची प्रकृती' एवढंच म्हणायचे. तिचा कप निराळा, ताट निराळं, आणि पाहुणे आले की ती आतल्या खोलीत. मी मान डोलावली. हे चौऱ्याहत्तर सालचं. व्हिसासाठी काढलेला माझा छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, त्यामुळे आपण काही लपवतोय असंही वाटलं नाही.

तुम्ही जे मागे राहिलात, त्यांना आमची पत्रं आठवत असतील. पत्रांत समुद्र असायचा, पिकनिक असायची. सिडनीतल्या हॅरिस पार्कमधला आमचा दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट लिहायचा राहून जायचा. तशीच ही गोष्टही राहिली. आता लिहितेय, तुमच्यासाठी आणि इकडे आलेल्यांसाठीही.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. पेशंटच्या बेडक्याच्या स्लाइड रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. टीबी असला की निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. नमुन्यांवरची नावं ग्रीक, तुर्की, व्हिएतनामी. बहुतेक कारखान्यात राबणारे, एकेका घरात दाटीवाटीने राहणारे. मला त्यांची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर थोडा शिष्टपणाही होता माझ्यात. हे त्यांचं दुखणं, आपलं नव्हे.

आमच्या मराठी मंडळींत तेव्हा एक रीत होती. देशातून कुणीही आलं की बस्तान बसेपर्यंत त्याने आपल्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचं. किती दिवस, ते विचारायचं नाही. एक्याऐंशी साली माझ्या नवऱ्याचा, अशोकचा, आतेभाऊ दिलीप असाच आमच्याकडे उतरला. त्याआधी तीन वर्षं तो आखातात फिटर होता, पत्र्याच्या एका खोलीत बाराजण. इथे त्याला कारखान्यात काम लगेच लागलं, खोली मात्र मिळेना. आम्हालाही घाई नव्हती. आमची दोन वर्षांची मुग्धा या काकाच्या मांडीवर बसून त्याच्याच ताटातला वरणभात खायची.

जुलैची थंडी आली. खिडक्या बंद, हीटर चालू, आणि दिलीपचा खोकला. "थंडीचा आहे हो वहिनी, जाईल," तो म्हणायचा. महिनाभर गेला नाही. त्याच्या पँटच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलं, ते मी पाहिलं. दिवसभर जे मी परक्यांच्यात शोधत होते ते घरात दिसत असूनही मी डोळे मिटून घेतले होते. शेवटी एका सकाळी बेडक्यासाठी लॅबमधली छोटी बाटली त्याच्या हातात दिली.

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये कुणी नसताना मी ती स्लाइड रंगवली. तिच्यावर नाव घातलं नाही. काचेखाली काड्या होत्या, आणि दोन-चार नव्हत्या, पुष्कळ होत्या. डोळ्यांसमोर फक्त मुग्धाचं तोंड, घासासाठी उघडलेलं.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा दिलीपने माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. "वहिनी, कुणाला सांगू नका. नोकरी जाईल, मला परत पाठवतील. आईला काय तोंड दाखवू?" अशोक म्हणाला, "थोडं थांबू या. तिकडून गोळ्या मागवतो." मला सगळं ठाऊक होतं. तरी मी थांबले. कारण एकट्या दिलीपची भीती नव्हती, आमचीही होती. आम्हालाही हाकलतील, माझी लॅबची नोकरी जाईल, आणि मुग्धाच्या नावाला कायमचं काहीतरी चिकटेल. मी दिलीपचा कप निराळा ठेवला. त्याला काही बोलले नाही, पण त्याला कळलं. तो आपला कप आपणच विसळून कोपऱ्यात उपडा घालू लागला. रोज सकाळी मी मुग्धाच्या कपाळाला हात लावायचे आणि मगच श्वास सोडायचे.

अकराव्या दिवशी कपाळ गरम लागलं.

पॅरामॅटाच्या डॉक्टरने तिला तपासलं आणि विचारलं, "एनीवन ॲट होम विथ अ कफ?" घरात कुणाला खोकला?

"नो," मी म्हणाले. किती सहज आलं ते! लहानपणापासून घटवल्यासारखं. मुग्धाची पुशचेअर ढकलत स्टेशनच्या बाजूला वळले आणि मुग्धा खोकली. लहानसा, कोरडा खोकला. आपण आत्ता कुणाला वाचवलं, आणि कुणाला ढकलून दिलं? मी तशीच उलटी फिरले, धावतच. रिसेप्शनवर लोक बसलेले असताना मोठ्याने म्हणाले, "मी खोटं बोलले. घरात टीबी आहे."

पुढचं सगळं भराभर झालं. दिलीपला काही आठवडे हॉस्पिटलात ठेवलं. कुणीही त्याला परत पाठवलं नाही. फोरमनने "नो वरीज, मेट" म्हणत त्याची जागा राखून ठेवली. मुग्धाच्या हातावर टीबीच्या चाचणीची सुई टोचली, ती जागा टरारून फुगली, एक्स-रेवर ठिपका निघाला. वर्षभर औषध, रोज. ती बरी झाली. पण त्या अकरा दिवसांत दिलीप रोज चौघांच्या गाडीतून, काचा वर करून, कामाला जात होता. त्यांतल्या एका लेबनीज माणसालाही टीबी निघाला. तो आधीच लागला होता की आमच्या गप्प बसण्याने, हे कुणालाच सांगता आलं नाही. तो भेटला की हसून हात हलवायचा, आणि मी रस्ता बदलायचे.

अजूनही मंडळी येतात, सोफ्यावर झोपतात. आता मी पहिल्याच दिवशी चहा देताना खोकल्याचं विचारते. कुणाला राग येतो. एक जोडपं दुसऱ्याच दिवशी बॅगा उचलून दुसरीकडे गेलं. "काकू, आमच्याकडे असलं काही नाही," त्यातली ती म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात मला माझाच 'नो' ऐकू आला.

गेल्या वर्षी ठाण्याची एक नर्स आली. तिलाही तेच विचारलं. तिने नजर वळवली. मग मी सांगितलं, "माझ्या मुलीला झाला होता टीबी. इथेच, या घरात." तिने हातातला कप खाली ठेवला. "माझ्या बाबांना आहे," ती म्हणाली. "मी निघाले तेव्हाही होता. मी कुणालाच सांगितलेलं नाही."

तेवढ्यात मुग्धा, तेव्हा बारा वर्षांची, शाळेतून आली आणि तिच्या शेजारी सोफ्यावर धपकन बसली. तिला उठवायला माझा हात पुढे झाला. तरी मी मुग्धाला उठवलं नाही. उठून खिडकी उघडली आणि त्या मुलीला म्हणाले, "उद्या क्लिनिकला दोघी जाऊ. आता आधी जेव." तुमचं घर कोणतं, इथलं की तिथलं, असं मला कुणी विचारलं की मला ती संध्याकाळ आठवते. भीती तेव्हाही होती, पण आम्ही तिघी एकाच टेबलाशी जेवलो.