चालेल म्हणणारा काटेवाला

कुणाला आयुष्यभर एक शिवी पुरते, कुणाला एक उसासा पुरतो. काटेवाल्याला 'चालेल' हा शब्द पुरत असे.

दुकानादुकानांतले तराजू दुरुस्त करतो म्हणून तो काटेवाला. खांद्याला लाकडी पेटी, पेटीत पितळी वजनं, बारीक कानस, तेलाची कुपी आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं. दुकानदार गिऱ्हाइकांवर खेकसत असायचा, पोती ओढली जात असायची, आणि हा त्या गोंधळात मांडी घालून तराजूसमोर बसायचा, एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा. शेवटी काटा थरथरत थरथरत मध्यावर यायचा. इकडे नाही, तिकडे नाही. तेवढा वेळ काटेवाला श्वास रोखून धरी. त्या क्षणाइतकं सुख त्याला दुसऱ्या कशात मिळत नसे. कदाचित म्हणूनच तो स्वतःही कुठल्याच बाजूला कधी झुकला नाही.

भावंडांत तो मधला. थोरल्याला विचारून घेतात, धाकट्याचा हट्ट पुरवतात. मधल्याला कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर विचारणारा घाईत असतो. "कालचं उरलंय, चालेल?" "दादाचा सदरा आखूड करून दिला तर चालेल?" पोरगं चालेल म्हणालं की आईच्या कपाळावरची एक आठी मोडायची. ती मोडताना पाहायला मिळावी म्हणून त्यानं तो शब्द धरला, आणि पुढे त्या शब्दानं त्याला धरलं. आई गेली, घर पांगलं, डोक्यावरचे केस निम्मे उरले. शब्द तेवढा शाबूत राहिला.

त्याला दोन मित्र. एक शिंपी, दुसरा बसचा कंडक्टर. कंडक्टरला सगळे डबलबेल म्हणत, कारण कुठून निघायचं झालं की तो टेबलावर दोनदा टिचकी मारी. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिघं बाहेर जेवत. शहरात काचेच्या दारांची मोठी हॉटेलं होती, पण तिथं जेवण कमी आणि ताट मोठं, असं डबलबेलचं मत. यांची धाव खानावळीपर्यंत. कधी बसडेपोच्या मागची, तिथं वेटरच्या हातून पाण्याचा जग नेहमी आपटलाच जायचा. कधी छापखान्याखालची, तिथं वरचं यंत्र सुरू झालं की वाटीतलं सूप थरथरायचं. पण बहुतेक वेळा कोपऱ्यावरची. त्या खानावळीत भिंतीवर काळा फळा होता. सकाळी मालक त्यावर खडूनं पदार्थ लिही, आणि जो संपेल तो बाहीनं पुसून टाकी. भराभर बोलणारा पोटभर जेवे, विचार करणारा फळ्याकडे बघत राही.

काटेवाल्याची ती अडचण मित्रांनी सोडवून ठेवली होती.

"काय घेणार रे?" शिंपी विचारी.

"काहीही चालेल."

"याला बटाटा," डबलबेल वेटरला सांगे. "आणि आम्हालाही बटाटा. बाकी सांगतो."

एकदा मालकानं मुद्दाम त्याची फिरकी घेतली. "बटाटा करपलाय, पाव सुकलाय, वेटर रुसलाय. चालेल?"

"चालेल," काटेवाला म्हणाला. खानावळ हसली, तोही हसला, आणि करपलेला बटाटा जेवला.

शिंप्याला एक धाकटी बहीण होती. घरात तिला धाकटी म्हणत. ती चाळिशीला आली तरी धाकटीच. दवाखान्यात ती औषधं द्यायची. पुड्या मोजायला तिथं एक लहानसा नाजूक तराजू होता, आणि तो बिघडला की काटेवाल्याला बोलावणं जाई. पहिल्या खेपेला तिनं विचारलं, "बसून काम करता की उभ्यानं?" तो म्हणाला, "चालेल." ती बघतच राहिली. मग तिनं आपणच स्टूल पुढे सरकवलं. काटा मध्यावर येईपर्यंत हा माणूस श्वास घेत नाही, हे मात्र तिनं पाहिलं होतं. तराजू पुढे बिघडला नसला तरी तो बघून जायला येऊ लागला, हेही तिनं पाहिलं होतं.

शिंप्यानं एका दुपारी जेवता जेवता विषय काढला. सुईत दोरा ओवावा तसा नेमका.

"आमच्या धाकटीशी लग्न करशील का?"

काटेवाल्याच्या घशात घास अडकला. डबलबेलनं पाठीत थाप मारली. घास खाली गेला आणि त्याच्या जागी, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, तो शब्द वर आला.

"चालेल."

शिंपी नाचत घरी गेला. धाकटी कपडे वाळत घालत होती.

"हो म्हणाला!"

"नक्की काय म्हणाला, दादा?"

"अगं, हो म्हणाला."

"शब्द सांग."

शिंप्याचा आवाज खाली आला. "चालेल म्हणाला."

धाकटीनं ओला टॉवेल असा झटकला की शिंप्याच्या तोंडावर पाणी उडालं. "चालेल? मी काय शिळा पाव आहे? इतकी वर्षं एकटी राहिले ती कुणी चालवून घ्यावं म्हणून नाही. पुढच्या सुट्टीला मीच येते तुमच्या त्या खानावळीत. मला समोर बसून सांगू देत. आणि त्या वेळी पुन्हा चालेल म्हणाले, तर विषय संपला. मग तूही काढायचा नाहीस."

हा निरोप काटेवाल्यापर्यंत पोचला आणि त्याची झोप उडाली.

डबलबेल त्याला शिकवायला बसला. "सोपं आहे. नुसतं हो म्हण."

"हो म्हणजे चालेलच ना?"

"नाही रे. चालेल म्हणजे हो, पण हो म्हणजे चालेल नाही." डबलबेल थांबला. आपण काय बोललो ते त्यानं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. "म्हणजे असं बघ, चालेल हे अर्धं तिकीट आहे. बसतो गाडीत, पण सीटवर हक्क नाही."

"त्यापेक्षा आवडेल म्हण," शिंपी म्हणाला.

"आवडेल म्हणजे पुढे कधीतरी," काटेवाला कळवळून म्हणाला. "आज काय, असं विचारलं तर?"

उरला 'हवी'. तो शब्द तिघांनाही ठाऊक होता, पण काटेवाल्यानं तोंडात धरून पाहिला तर कुणा दुसऱ्याची कवळी बसवावी तसा तो हलू लागला. आणि खरी पंचाईत शब्दाची नव्हतीच. ती आपल्याला हवी आहे की नाही, हेच त्याला कळेना. दवाखान्यावरून जाताना पाय मंद होत, हे खरं. पण पाय मंद होणं म्हणजे हवं असणं का? कुणाला विचारावं? हवं असणं आत कुठे असतं, छातीत की पोटात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सराव म्हणून तो मोजे घ्यायला गेला. "काळे की तपकिरी?" दुकानदारानं विचारलं. चालेल म्हणायचं नाही असं ठरवून तो दोन्ही जोड हातात घेऊन उभा राहिला. मागची गिऱ्हाइकं येऊन गेली. दुकानदारानं झाडून घेतलं. शेवटी काटेवाला जसा आला तसाच, मोज्यांशिवाय, परत फिरला.

सुट्टीचा दिवस उजाडला. दुपारी खानावळ खच्चून भरलेली होती. काचांवर वाफ धरलेली, टेबलांवरचं मेणकापड नुकतं पुसल्यानं ओलं. शिंपी आणि डबलबेल एका बाजूला, काटेवाला त्यांच्या समोर. धाकटी आली, काटेवाल्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली, आणि फळ्याकडे एकदाच बघून वेटरला म्हणाली, "तळलेला मासा. आणि पाव खरपूस भाजून."

शिंपी आणि डबलबेलनंही आपापलं सांगितलं. वेटर काटेवाल्याकडे वळला.

"याला बटा—" डबलबेलनं सुरुवात केली. धाकटीनं नुसतं एक बोट वर केलं. डबलबेलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"बोला साहेब, लोक उभे आहेत," वेटर म्हणाला.

काटेवाल्यानं फळ्याकडे पाहिलं. अक्षरं पोहू लागली. मालकानं बाहीनं एक ओळ पुसली. कानांच्या पाळ्या तापल्या, आणि मग त्याच्या तोंडून जे आलं ते त्यालाच नवं होतं.

"बटाटा नको."

डबलबेलनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नको?" शिंपी म्हणाला. "अरे, तुझा जीव की प्राण तो!"

"मला कधीच आवडला नाही. तुम्हाला आवडतो म्हणून खात होतो."

"मला?" शिंपी ओरडला. "मला त्यानं पोटात वात धरतो! तुझ्यासाठी मागवतो म्हणून गिळत होतो. हा डबलबेल मागवायचा!"

"मी याच्यासाठी मागवायचो," डबलबेल म्हणाला. त्याचा चेहरा चुकीच्या गाडीत चढलेल्या उतारूसारखा झाला होता. "म्हणजे इतकी वर्षं तो बटाटा नक्की कोण खात होतं?"

पण काटेवाल्याला आता थांबता येईना. "सूपही नको," तो म्हणाला. "अंडी नकोत. मसूर नको. भात नको." आयुष्यभर साठलेले नकार बांध फुटल्यासारखे बाहेर पडत होते, आणि तो स्वतःच त्यांच्याकडे घाबरून बघत होता. फळा खालपर्यंत संपला. वेटरनं पेन्सिल कानावर ठेवली. "मग इथं आलात कशाला?" म्हणून तो निघून गेला, बाकीच्यांचं जेवण आणायला.

धाकटी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"आणि मी?"

शिंप्यानं डोळे मिटले. या ओघात आता पुढचा 'नको' येणार, हे त्याला दिसत होतं. काटेवाल्यालाही तीच भीती होती. तो टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत राहिला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"म्हणून पाहिलं," तो अखेर म्हणाला. "आत्ता, मनात. तुमच्या बाबतीत नको म्हणून पाहिलं. येत नाही."

"म्हणजे हो?" डबलबेलनं कुजबुजत विचारलं.

"ते मला माहीत नाही रे!" काटेवाला जवळजवळ रडकुंडीला आला होता. "एवढंच माहीत आहे. बाकी सगळ्याला नको म्हणता येतं."

तेवढ्यात जेवण आलं. तिनं पाव मोडला, माशाचा तुकडा तोडला आणि शांतपणे जेवायला लागली. शिंप्याला तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना; लहानपणापासून कळत नव्हतं, आज कुठून कळणार? डबलबेल पाणी पीत राहिला. काटेवाल्यासमोर ताटही नव्हतं. तो नुसता बसला होता. तळलेल्या माशाचा वास येत होता, शेजारी बसलेल्या धाकटीच्या बाहीला दवाखान्याच्या औषधांचा वास येत होता, आणि त्याच्या पोटात काहीतरी हललं. भूक होती की दुसरं काही, कुणास ठाऊक.

त्यानं हात पुढे केला आणि तिच्या ताटातला माशाचा तुकडा उचलला. विचारलं नाही.

शिंप्याचा घास हातातच राहिला. बहिणीच्या ताटाला हात लावण्याची शिक्षा त्याला माहीत होती. लहानपणी एकदा लावला होता. चमच्याचा वण अजून मनगटावर होता. त्यानं टेबलावरचा चमचा हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

धाकटीनं काटेवाल्याच्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं.

"जपून," ती म्हणाली. "त्या बाजूला काटा असतो."

आणि ताट तिनं दोघांच्या मध्ये सरकवलं.

"धाकटे, मग ठरलं काय?" शिंप्यानं न राहवून विचारलं. "याला मी काय सांगू? आईला काय सांगू?"

"दादा, तू जेव," ती म्हणाली, आणि वेटरला हाक मारली, "अजून एक पाव आणा. यांना भूक लागलीय."