राखून ठेवलेलं भूत

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून जेवढी भुतं असतील, त्यांतली निम्मीअर्धी आमच्या मिस्त्रींनी पाना घेऊन दुरुस्त केलेली आहेत. मी थट्टा करत नाही. कोल्ड स्टोरेज, बर्फाचा कारखाना, दुधाचं केंद्र, जिथे म्हणून मोठा कॉम्प्रेसर धडधडतो तिथे हा उंबरमाळीकडचा किडकिडीत माणूस कधी ना कधी येऊन गेलेला असायचा. आल्या आल्या मशीनकडे बघायचाच नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "हितं कोन घाबरतं?" मालक आणि मॅनेजर गेजचे आकडे सांगायला धावत, मिस्त्री त्यांना हातानेच बाजूला सारून झाडूवाली, हमाल, वॉचमन यांना शोधत फिरत. घाबरणारा सापडला की त्याच्याशेजारी उकिडवे बसत आणि तंबाखू मळत भुताची सविस्तर चौकशी करत. येतं कधी, कुठल्या बाजूनं, आधी वास येतो का, पाय गार पडतात का. एका बर्फाच्या कारखान्यात भर दुपारी पैंजण वाजत. मिस्त्रींनी पंख्याचा एक ढिला नट आवळला, पैंजण थांबले. एका दूधकेंद्रात भिंतीमागे बाई हुंदके देत असे, तिला त्यांनी दोन किलो गॅस भरून गप्प केलं. "घाबरलेला मानूस खोटं नाय बोलत, सायब," ते मला म्हणाले होते. "फकस्त नाव चुकीचं सांगतो."

मी शेणव्याच्या अलीकडच्या एका कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे. पदवीधर असल्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे मी तेव्हा दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत असे. मिस्त्रींचं वागणं मला म्हणूनच सोसवत नसे. जन्म लोकांना थंडावा पुरवण्यात गेला, पण स्वतःच्या घरी फ्रीज नाही, पाणी माठातलं. ऐन मे महिन्यात कानटोपी घालून आटगावमार्गे स्कूटरवर येत. थंड खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करत आणि क्षणभर थांबत, जणू आतून कुणी "या" म्हणणार आहे. निघताना त्या रिकाम्या खोलीला "येतो" म्हणत. आणि काम कुठलंही असो, आतला दिवा मालवून एका विडीइतका वेळ अंधारात एकटे बसत. विडी अर्थात ओढत नसत, वेळ तेवढाच घेत. कुतूहल म्हणून एकदा मीही त्यांच्याबरोबर बसलो. उणे अठरा, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख, आणि पंखे थांबल्यावर चहूकडून बारीक बारीक कटकट. काही वेळाने मला वाटू लागलं की आत आम्ही दोघंच नाही. मी खोकलो. मिस्त्री हळूच म्हणाले, "खोकू नका, ते बी ऐकतंय." त्यानंतर मी कधी त्यांच्याबरोबर बसलो नाही, कामाचा व्याप होता म्हणून.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या अगदी शेवटी आमचा जुना कॉम्प्रेसर जळला. आत जांभळाचा गर, आणि नवं मशीन यायला तीन दिवस. बर्फाच्या लाद्या आणून कसाबसा गर तगवला, मग सगळा माल शेजारच्या खोलीत दाटीवाटीने भरला. नवा कॉम्प्रेसर जुन्याहून मोठा होता. मिस्त्रींनी तो बसवला, जुन्याचं जळकं तेल पाइपांतून धुऊन काढलं, दिवसभर व्हॅक्यूम लावून पाइप कोरडे केले, मग गॅस भरला. मालकांनी पूजा घातली, दारावर आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं भरगच्च तोरण चढलं आणि मशीन सुरू झालं. गेजवर सगळं बरोबर दिसत होतं. खोली मात्र बिघडली. भिंतींचे पत्रे हाडं मोडावीत तसे कडाडू लागले. दार एकदा लावलं की उघडेना. दोघा हमालांनी पाय रोवून ओढावं तेव्हा ते सुस्कारा टाकून सुटे. मालक म्हणू लागले की मिस्त्री म्हातारे झाले, काम बिघडवलं. आणि क्रेट आत-बाहेर करणारी, पलीकडच्या वाडीवरची कमल, ती म्हणाली की आतून कुणीतरी दार धरून ठेवतं. मी तिला झापलं. काम नको असेल तर स्पष्ट सांग, म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा-सव्वाबाराला कमल क्रेट परत लावायला आत गेली आणि तिच्यामागे दार बसलं ते बसलंच. आतून ढकलायचा दांडा होता, पण तो ढकलूनही दार हलेना. आतून ठोकण्याचा आवाज येऊ लागला. दोन ठोके, मग थोडं थांबून पुन्हा दोन. हमाल ओढून ओढून दमले. मी मशीन बंद केलं, तरी दार सुटेना. बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं आणि आत ती साध्या लुगड्यावर होती. ते दोन-दोन ठोके मला अजूनही कधीकधी जेवताना आठवतात, आणि घास खाली ठेवावा लागतो. मिस्त्री मागच्या शेडमध्ये वायरी तपासत होते, ते धावत आले. एकवार दाराकडे, एकवार आम्हा सगळ्यांकडे बघून त्यांनी आपला तोच प्रश्न विचारला. मग ते माझ्यासमोर आले. मी दारावरच्या तोरणाकडे बघत होतो, ते त्यांनी हेरलं आणि माझे हात हातात घेतले.

"सायब, तुमीच घाबरलाव. सांगा."

मी सांगितलं. जुनं मशीन बंद पडलं त्या दिवसांत गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून मी शिडी लावून, दारावरच्या छोट्या जाळीच्या भोकात गोणपाट कोंबलं होतं आणि वरून चिकटपट्टी मारली होती. नंतर विसरलो. त्यावर तोरण आलं, त्यामुळे कुणाला दिसलंही नाही. मिस्त्री शिडी लावून वर चढले, तोरण ओरबाडलं आणि गोणपाट उपसून काढलं. त्याबरोबर खोलीने एवढा लांब श्वास घेतला की तुटलेली आंब्याची पानं सरसर त्या भोकात ओढली गेली. दार आपोआप बोटभर पुढे आलं. खोली नव्याने गार होताना आतली हवा आक्रसते, तिला बाहेरून हवा घ्यायला तेवढंच एक नाक होतं आणि ते मी दाबून ठेवलं होतं, हे त्यांनी मला नंतर समजावलं.

कमल एका क्रेटवर बसली होती. पापण्या पांढऱ्या, ओठ निळे, पण शुद्धीत. तिला उन्हात बसवलं, गोधडी दिली, चहा पाजला. मालकांसमोर मी माझी चूक कबूल केली आणि कमलची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत. तिने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मी लगेच थांबले व्हते ठोकायची. हात गारठले माजे. मंग ते कोन ठोकत व्हतं?"

दार सुटेपर्यंत ते ठोके आम्ही सगळ्यांनी ऐकले होते. मिस्त्री उठले, दारावर टकटक करून आत गेले, दिवा मालवला आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ बसले. बाहेर आले ते सामान आवरू लागले. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेलो आणि विचारलं, पत्रा वाजत होता ना? नुसतं हो म्हणा.

"कललंय मला," ते स्कूटर सुरू करत म्हणाले. "पन सांगनार नाय. दर जागी एक राखून ठेवतो मी. सगलीच काढली तर मानसं आत न बघताच दार लावतील."

त्याच्या पुढच्या थंडीत मिस्त्री झोपेतच गेले. आता आमच्याकडे वर्षाचा करार केलेली कंपनी आहे. त्यांचा इंजिनिअर चांगला आहे, मोबाइलवर सगळी खोली बघतो, आणि कोण घाबरतं हे कुणालाच विचारत नाही. त्याने पत्रे आवळले, आवाज बंद केले. दोन महिने खोली अगदी गप्प होती, आणि नवे हमाल फोनवर बोलत बोलत पायाने दार ढकलून लावू लागले होते.

गेल्या आठवड्यात दुपारी पुन्हा ठोके आले. दोन, मग थोडं थांबून दोन. दार लावणारा हमाल जागीच थबकला, परत फिरला आणि दिवा लावून शेवटच्या रॅकपर्यंत बघून आला. मी खोलीला वळसा घालून मागे गेलो, तर कमल पत्र्याला टेकून उभी होती, मुठीत एक नट धरून. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला एकदम रडू आलं. तिने पदराआड नट लपवला, आणि मी काहीच न दिसल्यासारखा ऑफिसात जाऊन बसलो.