गेटवरची हलगी

२०२३ साल. मी एकसष्ट वर्षांचा. फौंड्रीत जेवणाची सुट्टी होती आणि एचआरच्या मॅडम माझ्या हातातल्या हलगीकडं बोट दाखवून विचारत होत्या, "काका, ही तुमची हॉबी आहे का?"

"हॉबी म्हणजे?"

"छंद. आवड."

"मग व्हय म्हणायचं."

बाईंनी लगेच मोबाईलमध्ये नाव घातलं. तिथनं सगळा ताप सुरू झाला.

मी मोल्डर. म्हणजे वाळूचा साचा करणारा. त्यात वितळलेलं लोखंड ओतलं की पार्ट तयार होतो. रिटायर झालो होतो, पण हाताखाली माणूस मिळेना म्हणून कंपनीनंच परत बोलावलं. मी मागायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगतो. शाळा माझी चौथीपर्यंत. त्यामुळं हॉबी हा शब्द मला ठाऊक नव्हता, पण दुपारी डबा खाऊन झाला की शेडमागं मी हलगी वाजवायची आणि कृष्णातनं तिच्या जोडीचं वाद्य, घुमकं, हे कैक वर्षं चाललेलं. कृष्णात भट्टीवरचा, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच परत बोलावलेला, शेतकरी गडी. पोरं भोवती बसायची. अर्धा तास भट्टीचा ताव विसरायला व्हायचा. कुणाची परवानगी नव्हती आणि कुणाची हरकतही नव्हती.

मॅडम पुण्याच्या. मनानं वाईट नव्हत्या. कामगारांच्या कलागुणांना उत्तेजन द्यायचं असं वरनं ठरलं होतं आणि त्या ते मनापासून करत होत्या. कँटीनच्या वर त्यांनी हॉबी रूम केली. एसी, गालिचा, रंगाच्या पेट्या, गाण्याचं मशीन. मला म्हणाल्या, "काका, आता उन्हात बसू नका. इथं वाजवा."

गेलो. हलगीला ऊब लागते. कातडं शेकून ताणलं तरच आवाज निघतो. त्या गारठ्यात ती ओल्या पुठ्ठ्यासारखी भद भद वाजायला लागली.

मी म्हटलं, "मॅडम, जाळ करावा लागंल."

"इथं? काका, वर स्मोक डिटेक्टर आहे!"

कृष्णात म्हणाला, "मग मॅडम, तुमीच गावा. आमी टाळ्या वाजवतो." त्यासुद्धा हसल्या. आम्ही पुन्हा शेडमागं. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

मग परदेशातलं गिऱ्हाईक येणार असं ठरलं. मोठी ऑर्डर. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम तिथंच बसलेल्या.

साहेब म्हणाले, "तुमच्या कलेचं खूप ऐकलंय. पाहुणे येतील तेव्हा तुम्ही गेटवर उभं राहायचं. फेटा, धोतर कंपनी देईल. गाडी आत येईपर्यंत हलगी वाजवायची."

"न्हाय जमणार."

"का? रोज तर वाजवता."

"रोज माझ्यासाठी वाजवतो. दुसऱ्याच्या दारात न्हाय वाजवणार."

मॅडम समजुतीनं म्हणाल्या, "काका, कंपनी तुम्हाला प्लॅटफॉर्म देतेय."

"प्लॅटफॉर्म कुठला, मॅडम? गेट देतायसा."

साहेब चिडले. "दार काय, गेट काय! मग एक करा. पाहुण्यांसमोर वाजवायची नसेल तर कंपनीच्या आवारात हलगी नको. नियम सगळ्यांना सारखा."

मी उठलो. कारण सांगायची मला गरज वाटली नाही.

बाहेर कृष्णात थांबला होता. ऐकून माझ्यावरच उखडला. "आडमुठा हाईस लेका! गाडी आत येस्तवर बडवून टाकायची. दुपारची आपली हलगी तरी ऱ्हाईल. एवढी पोरं वाट बघत्यात."

त्याला मात्र सांगितलं. माझ्या आज्यानं गावात दारोदार हलगी वाजवली. लगीन असो, मयत असो, बोलावणं आलं की उभं राहायचं. उंबऱ्याच्या आत पाय नाही, आणि वाजवून झाल्यावर पदरात शिळी भाकरी. छप्पन्न साली घरानं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा बापानं हलगी विहिरीत टाकली. पुढं मी कुस्तीच्या मैदानात ऐकून वेडा झालो आणि पहिल्या पगारातनं नवी आणली. बाप महिनाभर बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "वाजीव. पर कुणाच्या दारात हुबा ऱ्हाऊन न्हाय."

कृष्णातनं तंबाखू मळायला घेतली आणि तशीच टाकून दिली. म्हणाला, "हे आधी सांगायचंस की."

"तू इचारलंस कधी?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कृष्णातला बोलावलं. हलगी तू धर म्हणाले. तो म्हणाला, "मला हलगी येत न्हाय सायेब. आन घुमकं एकटं वाजत न्हाय." त्याला हलगी चांगली येते.

पाहुणे आले. गेटवर स्पीकर लावला होता. त्यांनी फेटे बांधून घेतले, फोटो काढले आणि पहिलं विचारलं की बाथरूम कुठाय. मग आत येऊन पार्ट मोजले, मापं घेतली आणि ऑर्डर देऊन गेले. हलगीवाचून काही अडलं नाही.

तरी संध्याकाळी बोर्डावर नोटीस लागली. वाद्य आवारात आणायला बंदी. ज्यांना छंद जोपासायचा आहे त्यांनी शनिवारी हॉबी रूममध्ये यावं. खाली मॅडमची सही. सही करताना त्यांना बरं वाटलं नसावं, कारण माझ्याकडं न बघता निघून गेल्या. पण सही केलीच.

मला राग ह्याचा की आम्ही काही मागितलंच नव्हतं. एसी नको, बक्षीस नको. माणसाच्या आवडीला उत्तेजन द्यायचं असेल तर त्याला जिथं बसून वाजवायचं आहे तिथं बसू द्यावं. ह्याला खर्चसुद्धा येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्स्ट शिफ्टच्या आधी मी रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यापाशी गेलो. गाडेवाल्याकडनं पुठ्ठे घेतले, पेटवले, हलगी शेकली. कृष्णात घुमकं घेऊन आधीच बसला होता. कंपनीच्या गेटकडं पाठ केली आणि बसमधनं उतरणारी पोरं चहा टाकून उभी राहीपर्यंत वाजवली. मग हलगी आणि घुमकं गाडेवाल्याच्या ताब्यात दिलं आणि वेळेत कार्ड पंच केलं.