अटारीच्या फाटकाला माझा अडसर

एका आईला तिच्या मुलीपासून दूर ठेवण्यात दोन सरकारांबरोबर माझाही हात होता, हे मी परवापर्यंत कोणाला सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही.

रेल्वेच्या नोकरीमुळे आम्ही जयपुरात आलो आणि दुर्गापुऱ्यात घर केले. आम्हांला मूल नव्हते. समोर एक सिंधी कुटुंब राहते. नवरा इथला, सोडाल्यात त्याचे कापडाचे दुकान. बायको सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली, तिचे पारपत्र तिकडचेच. तिच्या आजारी आईला भेटायला नवरा, बायको आणि लहानगी लेक असे तिघे सिंधमध्ये गेले आणि करोनामुळे अटारीचे फाटक बंद झाले. काही महिन्यांनी ते भारतीय पारपत्रवाल्यांपुरते उघडले. बाप आणि अडीच वर्षांची लेक परतली. आई मागे राहिली. दोन्ही देशांचे आधीच बिनसलेले होते. साथीने त्या वैराला आरोग्याचे सभ्य नाव दिले.

बाप दुकानात जाई, मुलगी आमच्याकडे राही. पत्नीला ती आधी आंटी म्हणे, मग काकू म्हणू लागली. वरणभात पुढे आला की "अजून तूप" म्हणे. संध्याकाळी माझी चाहूल लागताच जिन्यापर्यंत धावत येई.

पुढे आईच्या व्हिसाच्या चौकशीसाठी साध्या वेशातला एक पोलीस आमच्याकडे आला.

"बाई कशी आहे, साहेब? शेजारी म्हणून सांगा."

"बाई चांगली आहे," मी म्हणालो. "पण तिकडची साथ कशी आहे, कोणाला ठाऊक? इथे म्हातारी माणसे राहतात. आणखी थोडी थांबली तर काय बिघडते?"

"तेही खरेच," तो म्हणाला आणि चहा संपवून गेला.

त्या दिवसांत मी मास्क हनुवटीखाली ओढून बाजारभर हिंडत असे. पोलीस गेला तेव्हा आत मुलगी पत्नीच्या मांडीवर झोपली होती. ती जागी होऊ नये म्हणून मी दार हलकेच लोटले.

माझ्या शब्दांमुळे किती दिवस लांबले, हे कळण्याचा मार्ग नाही. बाई आली ती जवळजवळ वर्षाने. तिने दारातच हात पसरले. मुलगी पत्नीमागे दडली आणि मराठीत म्हणाली, "काकू, हिला जायला सांग ना."

बाईला मराठी येत नव्हते. "भाईसाहब, काय म्हणतेय?"

"तुम्ही दमला असाल, बसा म्हणतेय."

ती समाधानाने बसली.

मुलगी आता शाळेत जाते. आईशी नीट बोलते. पण ताप आला की आमचेच दार वाजवते. परवा गच्चीवर पापड वाळत घालताना बाई पुन्हा तेच म्हणाली, जे ती दर दिवाळीला म्हणते: "तुम्ही होतात म्हणून माझी पोर सांभाळली गेली."

"भाभीजी, माझे आभार मानू नका," मी म्हणालो. "तुमच्या चौकशीला माणूस आला होता. तुम्हाला इतक्यात येऊ देऊ नका, असे मीच सुचवले. साथीचे निमित्त सांगितले. मला तुमची मुलगी हवी होती. मला माफ करा."