बाटलीवरचा बदली कामगार

खोटं बोलण्याची कला ज्याला मुळीच अवगत नाही असा माणूस देवाने मुंबईत एकच पाठवला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बरं, खरं बोलणारी माणसं निदान हळू बोलतात. साडूंचं तेही नाही. तेवीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात काढलेली. तिथे शेकडो माग एकदम धडधडत, त्यामुळे एक तर बेंबीच्या देठापासून ओरडायचं, नाहीतर आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. साचेवाले एकमेकांशी तसे तासन्‌तास गप्पा मारत. साडूंकडे बोलण्याच्या ह्या दोनच तऱ्हा होत्या आणि दोन्हींत ते खरंच बोलत. मी करी रोडला त्यांच्या चाळीत मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी बाही चिमटीत धरून उजेडासमोर नेली आणि पाच खोल्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "कापडात दोन तार सुटलेत. पोरगा बरा वाटतो." मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे बघून नुसते ओठ हलवले. ते काय होतं हे मला लग्नानंतर कळलं. "नाक मोठं आहे, पण चालेल."

संप झाला, गिरणीचा भोंगा थांबला तो थांबलाच. घराघरांतले कर्ते पुरुष दिवसाढवळ्या गॅलरीत बसलेले दिसू लागले. साडू बसले नाहीत. दादरला भाजी विकायला लागले, पण गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "मावशी, वांगी कालची आहेत, उद्या या." उद्या मावशी दुसऱ्याकडे जायची. मग एका इमारतीत वॉचमन झाले. तिथल्या एका शेटने सांगून ठेवलं होतं की कोणी आलं तर मी घरी नाही म्हणायचं. साडूंनी पाहुण्याला प्रामाणिकपणे सांगितलं, "शेट वर आहेत, पण नाहीत म्हणून सांगायला सांगितलंय." अशा आठ-दहा नोकऱ्या झाल्या. शेवटी पन्नाशी उलटल्यावर परळच्या एका काचेच्या उंच इमारतीत सामानाची मोठी लिफ्ट चालवायचं काम मिळालं. लिफ्टशी खोटं बोलावं लागत नाही, म्हणून ही नोकरी टिकली. निळा गणवेश मिळाल्याच्या दिवशी ते तो घालून आमच्या घरी आले, चहा पिऊन गेले आणि कापडाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढ्यावरून ही नोकरी त्यांना किती हवी होती ते मी ओळखलं.

फक्त खोकला तेवढा होता. कापसाची धूळ छातीत बसलेली, ती गिरणी बंद झाली तरी हलली नव्हती. लालबागच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना एक खोकल्याचं औषध लिहून दिलं होतं, आणि डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या साडू प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बनियनच्या आत, अशा ठेवत. अशात कंपनीने नवा नियम काढला. कुठल्याशा ड्रायव्हरने दारू पिऊन फाटकावर गाडी घातली होती, म्हणून लिफ्ट, गाडी, वीज ह्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाची लघवी तपासायची. नशा निघाली की नोकरी गेली. प्रत्येकाला झाकणाची एकेक बाटली आणि एकेक इंग्रजी फॉर्म घरी देण्यात आला. विड्यातली सुपारीसुद्धा न खाणारे साडू निर्धास्त होते, पण जोडीच्या लिफ्टवाल्याने त्यांना सांगितलं, "काका, तुमच्या त्या औषधात अफूचा अंश असतो. टेस्टमध्ये नशाच दिसणार."

साडूंनी दोन दिवस औषध बंद करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी माझ्या मेव्हणीचा निरोप आला की येऊन ह्यांना समजवा, खोकून खोकून भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. मी गेलो, तर साडू खाटेवर शांत बसलेले. तोडगा सापडला होता.

"साडूभाऊ," ते म्हणाले, आणि खालच्या मजल्यावरचा रेडिओ कोणीतरी बारीक केला, "उद्या तू माझी बदली दे."

गिरणीत कायम कामगार आजारी पडला की त्याच्या मागावर बदली कामगार उभा राही. माग चालू राही, कोणी कोणाला फसवत नसे. साडूंच्या हिशेबी हे तितकंच सरळ होतं. त्यांची लघवी आजारी होती, माझी धडधाकट.

"अहो दादा, हे चालणार नाही," मी म्हटलं.

"का नाय चालणार? तू दारू पितोस?"

"नाही हो!"

"मग! मेल्या, तुझ्यासारखो बदली शोधून गावाचो नाय."

मेव्हणीने माझ्याकडे पाहिलं. ह्या वयात ही नोकरी गेली तर पुढची मिळणार नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. मी मुकाट्याने बाटली घेतली. आयुष्यात मी केलेला हा एकमेव गुन्हा, आणि तोही भल्या पहाटे, उपाशी पोटी.

पण गुन्हा करायचा तर जोडीदार तरी गुन्हेगार हवा. सकाळी साडू म्हणाले, "बदलीवाला गेटवर हजर लागतो," आणि मला बरोबर घेऊन गेले. तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई आणि एक सुपरवायझर बसले होते. साडूंनी बाटली टेबलावर ठेवली. मी पाहिलं आणि एक पाऊल दाराकडे सरकलो. बाटलीवर कागदाची पट्टी डकवलेली होती आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात साडूंचं नाव, खाली 'यांचे बदली', आणि खाली माझं संपूर्ण नाव, वय, नातं.

"काका, हे काय?" बाईंनी विचारलं.

साडूंनी सांगितलं. सगळं सांगितलं, नेहमीच्या आवाजात. बाहेर रांगेतल्या चाळीस माणसांना साडूंचा खोकला आणि माझी लघवी ह्यांची साद्यंत हकीकत कळली.

"सरळसरळ फसवणूक आहे ही!" सुपरवायझर उसळला. "मॅडम, आजच काढून टाका."

साडूंचा चेहरा पांढरा पडला. फसवणूक हा शब्द त्यांना आजवर कोणी लावला नव्हता. त्यांनी बनियनमधली पिशवी काढून बाईंपुढे ठेवली. बाईंनी एकेक चिठ्ठी शांतपणे वाचली.

"फसवणारा माणूस बाटलीवर दुसऱ्याचं नाव लिहील का?" त्या सुपरवायझरला म्हणाल्या. मग फॉर्मवर बोट ठेवून म्हणाल्या, "काका, चालू असलेलं औषध ह्या रकान्यात लिहायचं होतं. बस एवढंच. आता तुमची स्वतःची बाटली द्या."

ती बाटली मोठ्या लॅबमध्ये गेली, बाईंनी लालबागच्या डॉक्टरांना फोन केला, आणि निकाल येईपर्यंत साडूंना घरी बसवलं. तो आठवडा मी विसरणार नाही. रोज संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसत आणि एक अक्षर बोलत नसत. त्यांच्या आवाजाला मी वर्षानुवर्षं वैतागलो होतो, पण त्या शांततेने मला खरोखर भीती वाटली. आठव्या दिवशी जिन्याखालून हाक आली, "साडूभाऊ, पास!" आणि आमच्या अख्ख्या चाळीने सुटकेचा श्वास सोडला. औषध चिठ्ठीतलंच निघालं होतं. डॉक्टरांनी ते बदलून गुंगी न आणणारं दुसरं दिलं आणि साडू लिफ्टवर रुजू झाले.

नापास मी झालो. बाईंनी माझीही बाटली सहज तपासली होती. "त्या बदलीवाल्यांना सांगा, साखर आहे," असा निरोप साडूंनी जिन्यातूनच दिला. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी मला चालायला नेत आणि वाटेत भेटेल त्याला माझी साखर सांगत. मी आज धडधाकट आहे तो त्यांच्यामुळे.

आता ते कोकणात, गावी असतात. गेल्या महिन्यात दम वाढला म्हणून भेटायला गेलो. तो दणदणीत आवाज आता अगदीच बसलाय, घरात ते साचेखात्यासारखं नुसत्या ओठांनी बोलतात. डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामाचा तो डबा दिलाय, नळीतून श्वास ओढला की तीन चेंडू वर जायला हवेत, आणि किती गेले ते रोज वहीत लिहायचं. साडूंनी ओढलं. एकच चेंडू वर गेला, थरथरला, खाली आला. पुन्हा ओढलं, पुन्हा एकच. मला बघवेना. मी खिडकीबाहेर पाहू लागलो, तेवढ्यात त्यांनी माझी बाही ओढली आणि डबा माझ्यापुढे धरला. ओठ हलले.

"बदली."

मी नळी पुसली आणि छातीत होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढलं. तिन्ही चेंडू वर गेले. माझे डोळे भरून आले होते, पण श्वास मी सोडला नाही. साडूंनी समाधानाने मान हलवली आणि वहीत त्या दिवशीच्या तारखेपुढे लिहिलं, तीन. मग थोडा विचार करून पुढे माझं नाव लिहिलं.